मुलांची पसंती आणि कॉलेजचा खर्च : हिशेब कसा मांडावा?

बारावीचा निकाल लागला की आपल्या व्यापारी आणि कारागीर घरांत एक वाद हटकून सुरू होतो. पूर्वी तो सरळ होता. मुलगा पुढे शिकणार की दुकानावर बसणार, एवढाच प्रश्न असे. आता मुले शिकतात, मुली तर अभ्यासात त्यांच्याही पुढे आहेत, ही समाधानाची बाब आहे. पण वादाने रूप बदलले आहे. मुलगा नुसते "इंजिनिअर व्हायचे आहे" असे म्हणत नाही. "टेक्स्टाइल इंजिनिअरिंगच करायचे आहे" असे नाव घेऊन सांगतो. मुलगी फॅशन टेक्नॉलॉजीचे नाव घेते. सावनेरहून रोज येजा करता येईल अशा अंतरावर ती पदवी नसते. वडील म्हणतात, "नागपूरच्या कॉलेजात जा, सकाळी बस धर, संध्याकाळी घरी ये, खर्चही निम्मा." मुलगा रुसतो, आई मध्ये पडते, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचा निर्णय होतो.

आम्ही कापडाच्या धंद्यातले माणूस आहोत. गांधीबागेतून माल उचलताना आपण थान उलगडतो, पोत पाहतो, भाव विचारतो, भाडे-हमाली धरून दुकानात माल कितीला पडेल ते काढतो, आणि मगच हो म्हणतो. चार वर्षांच्या पदवीत त्याहून किती तरी मोठी रक्कम गुंतते. तेथे मात्र आपण एक तर मुलाच्या हट्टापुढे मान तुकवतो, नाही तर फीचा आकडा ऐकूनच दार लावून घेतो. दोन्ही रीती धंद्याला शोभणाऱ्या नाहीत. हा हिशेब कसा मांडावा, ते या लेखात पाहू. उदाहरण आपल्याच कापडाच्या शिक्षणाचे घेऊ; औषधनिर्माण, वास्तुशास्त्र किंवा अन्नतंत्रज्ञान अशा इतर खास पदव्यांनाही हीच रीत लागू पडते.

कापडाची पदवी कोठे मिळते?

कापडाच्या शिक्षणाच्या तीन-चार वेगवेगळ्या वाटा आहेत. नावे सारखी वाटली तरी माल वेगळा आहे, हे आधी समजून घ्यावे.

पहिली वाट टेक्स्टाइल इंजिनिअरिंग किंवा टेक्स्टाइल टेक्नॉलॉजीची. यात सूत कातणे, विणणे, यंत्रे, कापडाची तपासणी हे विषय येतात. मुंबईची व्हीजेटीआय ही १८८७ मध्ये सुरू झालेली संस्था या शिक्षणातील जुने नाव आहे. नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि इचलकरंजीची, १९८२ मध्ये सुरू झालेली डीकेटीई संस्था येथेही ही शाखा शिकवली जाते. येथील प्रवेश राज्याच्या सीईटीच्या गुणांवर होतो.

दुसरी वाट रंगाई आणि प्रक्रियेची, म्हणजे कापडाच्या रसायनशास्त्राची. मुंबईच्या माटुंग्यात १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. आज ती इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी म्हणून ओळखली जाते. कापडाचे रसायनशास्त्र तेथे आरंभापासून शिकवले जाते.

तिसरी वाट फॅशनची. निफ्ट ही केंद्र सरकारची संस्था १९८६ मध्ये दिल्लीत सुरू झाली. तिच्या शाखा मुंबई आणि भोपाळ येथेही आहेत. सावनेरच्या माणसाला बैतूलमार्गे भोपाळ हे मुंबईपेक्षा जवळचे. येथेही दोन प्रकार आहेत. डिझाइनच्या पदवीला कोणत्याही शाखेचा बारावी विद्यार्थी चालतो. फॅशन टेक्नॉलॉजीच्या पदवीला मात्र गणित आणि भौतिकशास्त्र लागते. अकरावीला गणित सोडलेली मुलगी त्या दारापर्यंत पोचतच नाही. हे दहावीनंतरच ध्यानात घ्यावे.

चौथी वाट डिप्लोमाची. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा केला, तर त्याच्या आधारे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. केंद्र सरकारच्या हातमाग तंत्रज्ञान संस्थाही तीन वर्षांचा डिप्लोमा देतात. वाराणसीची संस्था १९५६ ची, सेलमची १९६० ची. या वाटेचा मोठा फायदा असा की तीन वर्षांनी हाती एक पूर्ण लायकी असते. पुढे जायचे की कामाला लागायचे, हे मुलाचा कल आणि घरची स्थिती पाहून तेव्हा ठरवता येते.

फी म्हणजे किंमत नव्हे

आपण कॉलेजला फोन लावून फी विचारतो आणि तो आकडा चारने गुणतो. हा हिशेब अपुरा आहे. पदवी घरात येऊन कितीला पडते, हे काढायचे तर पुढील बाबी धराव्या लागतात : शिकवणी शुल्क, विकास आणि परीक्षा शुल्क, वसतिगृह किंवा खोलीचे भाडे, खानावळ, सणासुदीला घरी येण्याजाण्याचे भाडे, पुस्तके, संगणक, आणि डिझाइनच्या अभ्यासात कापड, रंग व नमुन्यांचा खर्च. हा शेवटचा खर्च पालकांना सहसा कोणी आधी सांगत नाही.

आणखी दोन बाबी वहीत लिहिण्याच्या आहेत. मुलगा आज दुकानात हात लावत असेल, तर त्याच्या जागी माणूस ठेवावा लागेल. त्याचा पगार हाही पदवीचाच खर्च आहे. दुसरी बाब विषय मागे राहण्याची. आम्ही स्वतः उर्दू माध्यमात शिकलो. उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलाला पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तकांशी किती झगडावे लागते, ते आम्ही घरात आणि शेजारी पाहिले आहे. एक वर्ष वाढले तर राहण्याखाण्याचा खर्चही एक वर्षाने वाढतो. तेव्हा हिशेब चार वर्षांचा करावा, पण हाताशी पाचव्या वर्षाचीही थोडी सोय असावी.

खाजगी व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, आणि ती कॉलेजवार पाहता येते. त्यावर कोणी "डोनेशन" मागत असेल, तर १९८७ च्या राज्य कायद्याने त्यास बंदी आहे, हे पालकांनी जाणून असावे.

सवलत कोणाला, आणि कोणत्या जागेला?

छापील फी आणि प्रत्यक्ष भरायची फी यांत पुष्कळ फरक पडू शकतो. आपले बरेच लोक अर्जच करत नाहीत, आणि पुढे शिक्षण महाग आहे म्हणून बोलतात.

राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या खुल्या गटातील कुटुंबाच्या मुलाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेतून शिकवणी शुल्कात ५० टक्के सवलत मिळते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे. दोन्हींपैकी कोणती लाभाची, ते अर्ज भरण्यापूर्वी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारून घ्यावे.

मुलींसाठी २०२४-२५ या वर्षापासून मोठा बदल झाला. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्ग यांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. आपल्यातील मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या इतर मागास वर्गाच्या यादीत आहेत. ज्या बिरादऱ्या कोणत्याच आरक्षणात बसत नाहीत, त्यांना आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्यासाठी अर्ज करता येतो. म्हणजे "मुलीवर एवढा खर्च कशाला" असे म्हणणाऱ्या घरात, हिशेब नीट केला तर मुलीची पदवी मुलाच्या पदवीपेक्षा स्वस्त पडण्याची शक्यता आहे.

परंतु सवलत जागेला चिकटलेली असते, हे विसरू नये. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की ही सवलत गेली. खाजगी विद्यापीठे आणि अभिमत विद्यापीठे यांतही ती लागू नाही. निफ्ट केंद्राची संस्था असल्याने तिचे नियम वेगळे. चकचकीत जाहिरात करून "फॅशन डिझाइन" शिकवणाऱ्या कितीतरी संस्था शहरांत निघाल्या आहेत. त्यांची पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि तिला मान्यता कोणाची, हे कागदावर पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

दोन कॉलेजांचा पडता भाव

आता आकडे मांडून पाहू. हे आकडे कोणत्याही एका कॉलेजचे नाहीत, समजण्यासाठी घेतले आहेत. आपण आपल्या कॉलेजचे आकडे घालावेत.

समजा, नागपूरच्या एका कॉलेजात संगणक शाखेची शिकवणी फी वर्षाला १ लाख रुपये आहे. मुलगा सावनेरहून येजा करतो. बस आणि डबा मिळून वर्षाला २५ हजार, पुस्तके आणि इतर २० हजार. वर्षाचे झाले १ लाख ४५ हजार, चार वर्षांचे ५ लाख ८० हजार.

दूरच्या गावी टेक्स्टाइल शाखेची शिकवणी फीही १ लाखच आहे असे धरू. वसतिगृह आणि खानावळ ९० हजार, येण्याजाण्याचे भाडे १५ हजार, पुस्तके आणि इतर २० हजार. वर्षाचे २ लाख २५ हजार, चार वर्षांचे ९ लाख.

५० टक्के सवलत मिळाली तर दोन्हीकडे चार वर्षांत २ लाख वाचतात. पहिली पदवी ३ लाख ८० हजारांना, दुसरी ७ लाखांना पडते. मुलगी असेल आणि शिकवणी शुल्क पूर्ण माफ झाले, तर पहिली १ लाख ८० हजारांना आणि दुसरी ५ लाखांना पडते.

या आकड्यांकडे नीट पाहावे. सवलत नाही, अर्धी आहे, पूर्ण आहे. तिन्ही वेळा दोन पदव्यांतला फरक ३ लाख २० हजारच राहतो. हा फरक शिकवणीचा नाही, राहण्याखाण्याचा आहे. सरकारी सवलत बहुधा शिकवणीवर मिळते, पोटावर नाही. म्हणून दूरच्या पदवीचा विचार करताना पहिला प्रयत्न वसतिगृहाचा खर्च कमी करण्याचा असावा. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. इतर मागास वर्गातील विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. काही ठिकाणी अल्पसंख्याक मुलींसाठी शासकीय वसतिगृहेही आहेत. कॉलेज निवडताना त्या गावी अशी सोय आहे काय, हे फीच्या आधी विचारावे.

निफ्टसारख्या संस्थेत चित्र आणखी वेगळे आहे. तेथे चार वर्षांचे शुल्कच दहा लाखांच्या पुढे जाते, राहणे-खाणे त्याच्यावर. मोठे नाव आहे, शिक्षण चांगले आहे, पण आपल्यासारख्या मध्यम दुकानदाराने तेथे पाऊल टाकण्यापूर्वी शिष्यवृत्ती आणि आर्थिक साहाय्याचे उत्तर लेखी हाती घ्यावे.

पैसा कोठून आणावा?

पहिला नियम : हंगामाच्या भांडवलाला हात लावू नये. रमजान ईद, दिवाळी आणि लग्नसराई या तीन हंगामांवर कापड दुकानदाराचे वर्ष उभे असते. त्या खरेदीचा पैसा फीकडे वळवला, तर पहिल्या वर्षी फी भरली जाते, पण दुकानात माल कमी पडतो, गिऱ्हाईक दुसरीकडे वळते, आणि दुसऱ्या वर्षीची फी भरायला दुकानच अपुरे पडते. मुलाचे शिक्षण ज्या झाडाच्या फळांवर चालायचे, ते झाड तोडून सरपण करण्यासारखे हे आहे.

दुसरा मार्ग बँकेच्या कर्जाचा. व्याजाचा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांसाठी नुसता हिशेबाचा नाही, ईमानाचा आहे. त्याबाबत प्रत्येकाने आपल्या विश्वासाच्या आलिमांना विचारावे. आम्ही येथे फक्त आकडा सांगतो, म्हणजे निर्णय डोळे उघडे ठेवून होईल. समजा दरवर्षी दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत ६ लाख कर्ज घेतले, दर १० टक्के. शिक्षण आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नाही, पण साधे व्याज चढत राहते. ते होते २ लाख १० हजार. मग ८ लाख १० हजारांची फेड दहा वर्षांत करायची, तर हप्ता महिन्याला सुमारे १० हजार ७०० रुपये. एकूण भरणा सुमारे १२ लाख ८४ हजार. सहा लाखांची पदवी दुपटीहून जास्त किमतीला पडली.

केंद्राच्या व्याज सवलत योजनेत साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांचे, मान्यताप्राप्त तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी, शिक्षणकाळातील व्याज सरकार भरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारणाशिवाय कर्ज मिळते, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर त्या काळात व्याजात ३ टक्के सूट आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडूनही सवलतीच्या दराने शैक्षणिक कर्ज दिले जाते. मर्यादा आणि अटी वेळोवेळी बदलतात. जिल्हा कार्यालयात जाऊन ताजी माहिती घ्यावी.

तिसरा मार्ग आपल्या घरचा आहे, तो म्हणजे कर्ज-ए-हसना. मामा, चुलते, बिरादरीतील एखादा सुस्थित व्यापारी मिळून वर्षाला थोडी थोडी रक्कम बिनव्याजी देऊ शकतात. मात्र ती तोंडी नसावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरे बकरामध्ये स्पष्ट आहे, आणि आपण व्यापारी असूनही नात्यात तो पाळत नाही. किती रक्कम, कधीपासून परतफेड, कोण फेडणार, हे दोन साक्षीदारांसमोर कागदावर असावे. शिक्षणासाठी परतफेडीच्या बोलीवर पैसा देण्याची रीत नवी नाही. ज्या जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली, त्यांनी १८९२ मध्ये परदेशी शिकू इच्छिणाऱ्यांसाठी निधी स्थापला, तो खैरातीचा नसून परतफेडीच्या शिष्यवृत्तीचा होता. घेतलेला पैसा परत आला की पुढच्या मुलाच्या कामी येतो.

जादा पैशात काय मिळते?

आता खरा प्रश्न. दूरची, आवडीची पदवी ३ लाख २० हजारांनी महाग पडते. त्या बदल्यात काय हाती येते?

नोकरीच्या बाजूने पाहू. आवडीच्या पदवीमुळे पगार महिन्याला ३ हजारांनी जास्त मिळाला, तर हा फरक भरून निघायला सुमारे नऊ वर्षे लागतात. ८ हजारांनी जास्त मिळाला, तर चाळीस महिने पुरतात. आणि पगार सारखाच किंवा कमी निघाला, तर पैशाच्या हिशेबात तो कधीच भरून निघत नाही. म्हणून कॉलेजला जाऊन विचारावे : या शाखेतून गेल्या तीन वर्षांत किती मुले बाहेर पडली, किती जणांना कापड उद्योगातच काम मिळाले, कोठे, किती पगारावर, आणि किती जण शाखा सोडून दुसरीकडे वळले? संपूर्ण कॉलेजचा सर्वांत मोठा पगार ऐकून येऊ नये. तो बहुधा दुसऱ्याच शाखेचा असतो. शक्य तर त्या शाखेतून बाहेर पडलेल्या दोन मुलांशी प्रत्यक्ष बोलावे.

कामाच्या जागा आपल्या बाजूला नाहीत असे नाही. सावनेरहून छिंदवाड्याच्या रस्त्याने निघाले की सौंसर तालुक्यातील बोरगावला रेमंडचा कारखाना लागतो. बुटीबोरीत पॉलिस्टरचे काम आहे, हिंगणघाटला सूतगिरणी उद्योग आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठेत पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कचे भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. पण भूमिपूजन म्हणजे नोकरी नव्हे, आणि नागपूरकरांनी तर एम्प्रेस मिल बंद पडलेली डोळ्यांनी पाहिली आहे. एकाच उद्योगाला बांधलेली पदवी त्या उद्योगाबरोबर वर जाते आणि त्याच्याबरोबर खालीही येते.

धंद्याच्या बाजूने पाहिले तर फायदा वेगळ्या जागी आहे. आपण कापड हाताने ओळखतो. शिकलेला मुलगा ते मोजून ओळखतो. सुताचा अंक म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा, म्हणून चाळीसचे सूत वीसच्या सुतापेक्षा बारीक. एका चौरस मीटरचे वजन किती. धुतल्यावर कापड किती आटेल. रंग घामाने आणि उन्हाने किती टिकेल. हे मोजता येणारा माणूस घरात असेल, तर मालाची तक्रार लेखी करता येते, शाळेच्या गणवेशाचा किंवा इस्पितळाच्या चादरींचा ठेका भरता येतो, तयार कपड्यांचे छोटे युनिट उभारता येते. मुलगा परत येऊन धंदा वाढवणार असेल, तर या ज्ञानाची किंमत पगाराने मोजता येत नाही. मात्र परत येऊन तो पूर्वीसारखाच गल्ल्यावर बसणार असेल, तर सात लाखांची पदवी कशासाठी, हे बापानेही स्वतःला विचारावे. मुलाला शिकवायचे आणि त्याने सुचवलेला बदल मात्र करू द्यायचा नाही, यात पैसा आणि मुलगा दोन्ही वाया जातात.

मधली वाट आणि पसंतीची पारख

पुष्कळदा हो आणि नाही यांच्या मध्ये एक रस्ता असतो. व्यापक पदवी जवळ घ्यावी आणि खास शिक्षण नंतर घ्यावे. नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून १९४२ मध्ये उभी राहिली. २०२३ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेथे केमिकल इंजिनिअरिंग आहे, तेल, रंग, अन्न अशा खास शाखाही चालत आल्या आहेत. रंगाई-छपाईची ओढ असलेल्या मुलाने तेथे केमिकल केले, तर पुढे कापडाच्या रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षणाचा विचार करता येईल, आणि मन बदलले तरी हातची पदवी अनेक उद्योगांत चालते. सदरच्या अंजुमन अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकल करणाऱ्या मुलालाही कापडाच्या यंत्रांकडे वळता येते. सावनेरातच भालेराव विज्ञान महाविद्यालय आहे, तेथून बी.एस्सी. करून पुढचा मार्ग धरणारा मुलगा कोणाहून कमी नाही.

पण त्याआधी पसंती खरी की क्षणाची, हे पारखून घ्यावे. ही पारख जवळजवळ फुकट होते. टेक्स्टाइल हवे म्हणणाऱ्या मुलाला अकरावीच्या सुट्टीत महिनाभर जिनिंगमध्ये, मागावर, रंगाईच्या भट्टीजवळ उभे राहू द्यावे. फॅशन हवे म्हणणाऱ्या मुलीला चांगल्या शिलाई कारागिराकडे बसून कटिंग शिकू द्यावे, रोज एक चित्र काढू द्यावे. महिन्यानंतरही ओढ तशीच असेल आणि प्रश्न वाढलेले असतील, तर ती पसंती पक्की समजावी. उष्णता, आवाज आणि सूत उडणारी हवा पाहून मुलगा मागे फिरला, तर चार वर्षे वाचली. त्याला टोमणे मारू नयेत.

मर्यादा आधी सांगा

आमच्या मते या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. बाप आपली ऐपत मुलाला सांगत नाही. त्याला ते कमीपणाचे वाटते. मुलगा दोन वर्षे एका कॉलेजचे स्वप्न पाहतो, परीक्षा देतो, नंबर लागतो, आणि त्या दिवशी बाप म्हणतो, "एवढे पैसे नाहीत." मुलाला वाटते, फसवणूक झाली. तोच आकडा अकरावीत सांगितला असता, तर त्याने शिष्यवृत्तीसाठी जोर केला असता, डिप्लोमाची वाट पाहिली असती, स्वस्त पण चांगले कॉलेज शोधले असते.

म्हणून अकरावीच्या सुरुवातीला एक दिवस आई-वडील आणि मुलगा किंवा मुलगी यांनी एकत्र बसावे. वडिलांनी स्पष्ट सांगावे : तुझ्या शिक्षणासाठी घरातून इतके लाख निघतील, तुझ्या मागे दोन भावंडे आहेत, त्यांचाही वाटा यात आहे. त्यावरचे जे काही लागेल ते शिष्यवृत्तीतून आले पाहिजे, किंवा तुझ्या नावाच्या कर्जातून, आणि ते तुला फेडायचे आहे. थोरल्यासाठी सगळे ओतून धाकट्या बहिणीला घरी बसवणे, हा हिशेबही नाही आणि इन्साफही नाही.

त्यानंतर कागदांच्या मागे लागावे. रहिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेयर, किंवा दुर्बल घटकाचा दाखला. निकालानंतर तहसील कार्यालयात रांग लागते आणि एका दाखल्यापायी सवलतीची जागा हातची जाते. निफ्टची परीक्षा बोर्डाच्या आधीच होते, तिचे अर्ज हिवाळ्यात भरावे लागतात. राज्याच्या सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र उर्दूतूनही देता येते, गणित मात्र इंग्रजीतच असते. उर्दू शाळांतील मुलांनी गणिताचे इंग्रजी शब्द अकरावीपासूनच पाठ करावेत.

आणि हा सगळा हिशेब मुलाकडूनच लिहून घ्यावा. एका पानावर तीन कॉलेजे, प्रत्येकाचा चार वर्षांचा पूर्ण खर्च, मिळणारी सवलत आणि उरलेली रक्कम. जो मुलगा हे पान मनापासून भरून आणतो, त्याच्या पसंतीकडे बापाने गंभीरपणे पाहावे. आणि ज्या बापाने ते पान नीट वाचून आपला आकडा शेजारी लिहिला, त्याच्या नकारातही मुलाला अपमान वाटणार नाही.